भांडण माणसांचं की जागेचं? संस्थेतला ताण जमिनीवर मांडून पाहण्याची पद्धत

एखाद्या संस्थेतून तीन लेखापाल लागोपाठ सोडून गेले आणि तिघांच्याही बाबतीत ‘स्वभाव जुळला नाही’ एवढंच कारण सांगितलं गेलं, तर चौथ्यासाठी जाहिरात देण्याआधी थोडं थांबावं. माणूस बदलूनही भांडण तेच राहत असेल, तर ते त्या जागेचं भांडण आहे. त्या जागेवरच्या माणसाला कोण कोण कामं सांगतं, त्याने नाही म्हटलं तर कोण दुखावतं, त्याच्या आधी तिथे काय घडून गेलं, हे पाहायला लागतं. बैठकीत हे सहसा बाहेर येत नाही. तिथे सगळे आपापल्या ठरलेल्या खुर्चीत बसतात, ठरलेल्या क्रमाने बोलतात, आणि ज्याला सगळ्यांत जास्त माहीत असतं त्याला कुणी विचारत नाही.

अशा वेळी मी संस्था जमिनीवर मांडायला लावते. मी नाशिकमध्ये राहते. स्वयंसेवी संस्था, पतसंस्था, विश्वस्त मंडळांचे दवाखाने आणि सातपूर-अंबडचे लहान कारखाने यांच्याबरोबर हे काम करते. या क्षेत्रातले लोक याला कॉन्स्टेलेशन म्हणतात, मी मांडणी म्हणते. कल्पना साधी आहे. संस्थेतली माणसं, भूमिका आणि कामं यांच्या जागी खोलीत काही प्रतिनिधी उभे करायचे. कोण कोणापासून किती लांब, कोणाचं तोंड कुठे, कोणाची पाठ कोणाकडे, हे आपल्या मनातल्या चित्राप्रमाणे ठेवायचं. मग त्या जागांवरून काय दिसतं आणि काय वाटतं, ते प्रतिनिधींना विचारायचं.

पद्धत कुठून आली हे थोडक्यात सांगते, कारण ती वापरताना त्याचा उपयोग होतो. १९३२ साली न्यूयॉर्क राज्यात हडसन इथल्या मुलींच्या निवासी शाळेतून दोन आठवड्यांत १४ मुली पळून गेल्या. मनोविकारतज्ज्ञ याकोब मोरेनो आणि त्यांच्या सहकारी हेलन जेनिंग्ज यांनी कोणाला कोणाबरोबर राहायचं आहे हे मुलींनाच विचारून नात्यांचे नकाशे काढले. एकेका मुलीचा स्वभाव पाहून जे कळत नव्हतं, ते त्या एकमेकींशी कशा जोडलेल्या आहेत हे पाहिल्यावर कळू लागलं. पुढे कुटुंबांचं समुपदेशन करणाऱ्या व्हर्जिनिया सटीर यांनी कुटुंबातल्या माणसांना शिल्पासारखं उभं करून नाती दाखवली. जर्मनीत मानसोपचार करणारे बर्ट हेलिंगर यांनी कुटुंबाच्या मांडणीला आजचं रूप दिलं आणि १९९०च्या दशकात गुंथार्ड वेबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती संस्थांसाठी वापरायला सुरुवात केली.

आपल्याकडचा एक जुना प्रयोग मला यापेक्षाही जवळचा वाटतो. १९५३ साली कामाच्या ठिकाणच्या मानवी संबंधांचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये आले. मिलने स्वयंचलित माग बसवले होते, पण उत्पादन वाढलं नव्हतं. एका शेडमध्ये २२४ माग आणि २९ कामगार होते. कामाची विभागणी अशी झाली होती की विणकराच्या वाट्याला काही माग, बॉबिन भरणाऱ्याच्या वाट्याला त्याहून जास्त, तेल घालणाऱ्याच्या वाट्याला आणखी जास्त. त्यामुळे कोणाचीच पक्की टोळी नव्हती. धागा तुटला की कोणाला हाक मारायची आणि त्याने आधी कोणाकडे जायचं, यावरच ताण. राइस यांनी ठरावीक मागांसाठी ठरावीक गट ही कल्पना मांडली आणि कामगारांनी आपले गट स्वतःच जमवले. सुरुवातीचे चढउतार सरल्यावर उत्पादन वाढलं आणि खराब कापड कमी झालं. माग तेच होते, माणसंही तीच होती. बदलली होती ती माणसांच्या कामांची एकमेकांशी जोडणी. मांडणी घेताना मी हीच जोडणी शोधत असते.

आधीचं बोलणं

मांडणीचं निम्मं यश खोलीत शिरण्याआधी ठरतं. ज्यांनी बोलावलं आहे त्या संचालकांशी, सचिवांशी किंवा मालकांशी एकट्याने तासभर बोला आणि तीन गोष्टींवर स्पष्ट होकार घ्या. प्रतिनिधी म्हणून कोणी काही बोललं तर ते पुढे त्याच्या पगारवाढीत, बदलीत किंवा टोमण्यात येणार नाही. फोटो, व्हिडिओ, रेकॉर्डिंग काही होणार नाही आणि उपस्थितांच्या संमतीशिवाय विश्वस्तांना अहवाल जाणार नाही. आणि तिसरी गोष्ट, मांडणीत प्रमुखाची स्वतःची जागाही दिसेल. या तिसऱ्या गोष्टीवर समोरची व्यक्ती ‘हो हो, त्यात काय’ म्हणून पटकन पुढे गेली, तर मी पुन्हा विचारते. आढेवेढे दिसले तर सगळ्यांना बोलावत नाही. त्या एकट्या व्यक्तीबरोबर कागद ठेवून मांडणी करते.

काही प्रश्न मी घेतच नाही. लैंगिक छळाची तक्रार असेल तर ती २०१३च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीकडे जायला हवी. पैशांची अफरातफर लेखापरीक्षकाकडे, थकलेला पगार कामगार कार्यालयाकडे. जातीवरून कोणाचा अपमान झाला असेल तर त्यालाही कायदा आहे. अशा ठिकाणी कोणाचं तरी काही चुकलेलं असतं आणि त्याची जबाबदारी ठरवायची असते. ‘आपण सगळे मिळून नाती पाहू या’ असं म्हणून ती जबाबदारी सगळ्यांमध्ये वाटून टाकणं हा तक्रार करणाऱ्यावर दुसरा अन्याय आहे. यात मी कधीच तडजोड करत नाही, तुम्हीही करू नका.

खोली आणि माणसं

दहा ते चौदा माणसं पुरतात. खोली साधारण पंधरा बाय वीस फुटांची असावी, टेबल बाहेर, खुर्च्या भिंतीला, सतरंजी गुंडाळून ठेवलेली. तीन तास हाताशी ठेवा. चहा आधी होऊ द्या, मध्ये ट्रे फिरला की सगळं विस्कटतं. मार्चअखेर, ऑडिटचा आठवडा, मोठी ऑर्डर निघण्याचा दिवस टाळा.

प्रतिनिधी शक्यतो त्या गटाबाहेरचे घ्या. ओळखीच्या दुसऱ्या संस्थेतले चार-पाच कार्यकर्ते आले तर उत्तम. सगळे आतलेच असतील तर एक नियम पाळा: कोणीही स्वतःच्या जागी किंवा स्वतःच्या साहेबांच्या जागी उभं राहायचं नाही. स्टोअरच्या माणसाला ग्राहकाच्या जागी उभं करा, क्वालिटीवालीला पैशांच्या. आणि ज्याला उभं राहायचं नाही त्याने बसून पाहावं, कारण विचारू नका.

सुरुवात मांडणीने करू नका. आधी सगळ्यांना एका रांगेत उभं करा, संस्थेत कोण कधी आलं त्या क्रमाने. भिंतीपाशी सगळ्यांत जुने, दाराशी परवा रुजू झालेले. मग प्रत्येकाने आपण आलो तेव्हा संस्था कशी होती हे दोन वाक्यांत सांगायचं. या साध्या रांगेतून जे कळतं ते पुष्कळदा तासाभराच्या चर्चेतून कळत नाही. २००९ ते २०१४ या काळात आलेलं एकही माणूस रांगेत नाही हे अचानक सगळ्यांच्या लक्षात येतं, आणि कोणीतरी हळूच म्हणतं, “त्या वेळचे सगळे गेले.” हे वहीत टिपून ठेवा, पुढे लागतं.

प्रश्न घट्ट करणं

आता प्रश्न आणणारी एक व्यक्ती पुढे येते. इथून पुढे एका संस्थेचं उदाहरण घेते. ओळख पटू नये म्हणून त्यातले तपशील बदलले आहेत. आदिवासी भागातल्या गावांमध्ये आरोग्याचं काम करणारी, तिशीला आलेली संस्था. ज्यांनी ती उभी केली त्या डॉक्टरांना सगळे काका म्हणतात. दोन वर्षांपूर्वी शहरातून आलेल्या एक ताई संचालक झाल्या. काका पदावरून उतरले, पण रोज येतात आणि जुन्या खोलीत बसतात. प्रश्न ताईंनी आणला: “आमच्याकडे लेखापाल का टिकत नाहीत?”

प्रश्न एका वाक्याचा असावा, आणणाऱ्याच्या हातात काहीतरी करण्यासारखं असावं. ‘काकांना कसं समजवायचं’ हा प्रश्न चालत नाही, कारण त्यात उत्तर आधीच ठरलेलं आहे. ‘टीममध्ये सकारात्मकता कशी आणू’ हाही चालत नाही, त्यात पकडायला काही नाही. मी नेहमी विचारते, हा प्रश्न सुटला तर सोमवारी सकाळी ऑफिसात काय वेगळं दिसेल? ताई म्हणाल्या, “लेखापाल माझ्याकडे रडत येणार नाही आणि फिल्डची बिलं वेळेत निघतील.” हे चाललं.

मग कोणाला मांडायचं ते ठरवा. सहा-सातपेक्षा जास्त नको. माणसांइतक्याच माणूस नसलेल्या गोष्टीही घ्या. ज्यांच्यासाठी काम चाललं आहे ते आणि पैसा, या दोन गोष्टी मी सहसा सोडत नाही. इथे आम्ही संचालक, काका, लेखापाल, क्षेत्र कार्यकर्ते, देणगीदार कंपनी आणि गावं एवढे घेतले. काकांसारख्या ज्येष्ठाच्या प्रतिनिधीलाही खोलीत नुसतं ‘संस्थापक’ म्हणायचं. काका म्हटलं की लगेच मान खाली जाते आणि माणूस त्या जागेवरून पाहायचं सोडून मान द्यायला लागतो.

उभं करणं

पुस्तकी रीत अशी की प्रश्न आणणाऱ्याने प्रतिनिधीच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून त्याला जागेवर न्यायचं. आपल्याकडे बाईने पुरुषाच्या किंवा कनिष्ठाने वरिष्ठाच्या खांद्यावर हात ठेवताना खोली अवघडते आणि लक्ष तिकडेच जातं. मी बाजूने चालत, हाताच्या खुणेने जागा आणि दिशा दाखवायला सांगते. काही बिघडत नाही. बोलणं नको, समजावून सांगणं नको, हातवारे नकोत, नक्कल तर नकोच. विचार करून नकाशा काढल्यासारखं करू नका, चालत जा आणि जिथे थांबावंसं वाटेल तिथे उभं करा.

ताईंनी देणगीदाराला संचालकाच्या अगदी समोर हातभर अंतरावर ठेवलं. संस्थापकाला दाराशी, पण तोंड आत. क्षेत्र कार्यकर्ते दूर, संस्थापकाकडे तोंड करून. लेखापाल नेमका मधोमध. गावं सगळ्यांत शेवटी आठवली आणि भिंतीजवळ, कार्यकर्त्यांच्या पाठीमागे गेली. ताईंनी खुर्चीत बसून ते पाहिलं आणि बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. तो वेळ द्या. मांडणी घेणाऱ्याला तिथे बोलायची घाई होते, ती आवरा.

मग एकेका प्रतिनिधीला विचारा. माझे प्रश्न ठरलेले आहेत: नजर कुठे जाते? कोण दिसतं, कोण दिसत नाही? अंगाला काय जाणवतं? कोणी जास्तच जवळ आहे का? हलावंसं वाटतं का, कुठे? ‘का’ विचारू नका. ‘का’ विचारलं की माणूस गोष्ट रचायला लागतो. “मला वाटतं हे काका फार हट्टी असणार” असं कोणी म्हणालं तर शांतपणे परत आणा: “ते राहू दे. आत्ता या जागेवरून काय दिसतंय?”

लेखापालाचा प्रतिनिधी म्हणाला की त्याला मान एकदा इकडे, एकदा तिकडे वळवावीशी वाटते आणि एक पाय उचललेलाच आहे. कार्यकर्त्यांच्या प्रतिनिधीला संस्थापक दिसत होते, संचालक दिसत नव्हत्या, कारण मध्ये लेखापाल होता. संचालकांच्या प्रतिनिधीला देणगीदाराखेरीज काहीच दिसत नव्हतं. गावं म्हणाली, “माझ्याकडे कोणाचंच तोंड नाही.”

हे लोकांना जाणवतं कसं, यावर बरेच वाद आहेत. काही जण अदृश्य क्षेत्र वगैरे म्हणतात. मला त्याची गरज वाटत नाही. हातभर अंतरावर कोणी रोखून पाहत असेल तर कोणालाही आक्रसायला होतं, पाठीमागे कोण आहे हे दिसत नसेल तर खांदे ताठ होतात. एवढ्याने पुष्कळसा उलगडा होतो. त्यात प्रतिनिधीच्या स्वतःच्या आयुष्यातलंही काहीबाही मिसळतंच. म्हणूनच प्रतिनिधीचं वाक्य हा पुरावा धरायचा नाही. कुठे शोधायचं हे ते सांगतं, तिथे काय सापडेल हे ते सांगत नाही.

कोण नाही इथे?

आता मी जो प्रश्न विचारते तो या पद्धतीतला सगळ्यांत मोलाचा आहे, असं माझं मत आहे: “या चित्रात कोण नाही?” संस्थेतून निघून गेलेलं माणूस, बंद पडलेला विभाग, फुटलेली भागीदारी, अपघातात गेलेला कामगार, जमीन देणारा शेतकरी. ज्याचं नाव कोणी घेत नाही त्याची जागा रिकामी राहत नाही. कोणीतरी नकळत ती भरत राहतं आणि तेच दमून जातं.

ताई म्हणाल्या, “सगळे आहेत.” मागे बसलेल्या एका जुन्या कार्यकर्तीने विचारलं, “सचिव सर?” काकांच्या वेळचे सचिव. इमारतीच्या निधीवरून मतभेद झाले आणि ते निरोप समारंभाशिवाय गेले होते. ताईंनी त्यांना पाहिलेलंही नव्हतं. आम्ही त्यांच्यासाठी एक प्रतिनिधी उभा केला, लेखापालापासून दोन पावलांवर. संस्थापकाच्या प्रतिनिधीने नजर खाली घातली. लेखापालाचा उचललेला पाय टेकला.

इथे मी थांबवून सगळ्यांना विचारलं, सचिव सर रोज नक्की काय करायचे? उत्तर त्याच जुन्या कार्यकर्तीने दिलं. काका गावात शब्द देऊन यायचे, “उद्या गाडी पाठवतो, औषधाचं मी बघतो”, आणि सर त्या शब्दाचं कागदावरचं रूप करायचे. मंजुरी, व्हाउचर, सही. सर गेल्यावर हे काम कोणाला दिलंच गेलं नाही. ते आपोआप लेखापालाकडे आलं, पण सरांचा अधिकार त्याच्याकडे आला नाही. काकांचा तोंडी शब्द एका हातात आणि ताईंचा ‘पूर्वमंजुरीशिवाय खर्च नाही’ हा नियम दुसऱ्या हातात घेऊन तीन लेखापाल एकामागून एक तिथे उभे राहिले होते.

हलवून पाहणं

चित्र दिसल्यावर ते सुंदर करून टाकायचा मोह होतो. सगळे अर्धवर्तुळात, सगळ्यांची तोंडं एकमेकांकडे. तसं करू नका. एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर सगळ्यांना विचारा की बरं वाटलं, वाईट वाटलं, की तसंच आहे. वाईट वाटलं तर तेही उपयोगाचं, जागा परत घ्या.

आम्ही लेखापालाला मधून काढून संचालकाशेजारी त्याच दिशेला तोंड करून उभं केलं. कार्यकर्त्यांना संचालक दिसू लागल्या, पण त्यांना ते नकोसं वाटलं. मग गावांना भिंतीपासून काढून समोर आणलं. त्यानंतर मात्र कार्यकर्ते, संचालक आणि संस्थापक तिघांचीही तोंडं आपणहून तिकडे वळली. देणगीदाराचा प्रतिनिधी स्वतःच दोन पावलं मागे सरला आणि म्हणाला, “मलाही तेच बघायचं होतं.”

कधी कधी प्रतिनिधीला एखादं वाक्य बोलायला देतात. वाक्य छोटं आणि खरं असावं. संचालकांच्या प्रतिनिधीने संस्थापकाला म्हटलं, “हे तुम्ही उभं केलंत. आता सह्या माझ्या आहेत.” पहिलं वाक्य गाळून दुसरं म्हटलं तर भांडण होतं, दुसरं गाळून पहिलं म्हटलं तर सत्कार होतो. दोन्ही एका श्वासात लागतात. काही परंपरांमध्ये इथे वाकून नमस्कार करायला लावतात. मी लावत नाही. आपल्याकडे वाकणं अंगवळणी पडलेलं आहे, पाया पडलं की न बोललेला मतभेद तिथेच पुरला जातो.

क्रमाचे नियम आणि जात

वेबर आणि इतरांच्या लिखाणात काही ठोकताळे येतात. संस्थेचा भाग असलेल्या प्रत्येकाला जागा हवी. आधी आलेल्याच्या कामाची कदर हवी. जास्त जबाबदारी घेणाऱ्याला त्याप्रमाणे स्थान हवं. जाणाऱ्याला नीट निरोप हवा. वरच्या उदाहरणात हे चारही दिसतील आणि बहुतेक वेळा ते कामी येतात.

पण ‘आधी आलेल्याला मान’ हा नियम महाराष्ट्रात आंधळेपणाने वापरू नका. आपल्या कितीतरी संस्थांत आधी कोण आलं हे शिक्षण, जमीन आणि आडनाव कोणाकडे होतं यावर ठरलं. कार्यालयात एका प्रकारची आडनावं, फिल्डवर दुसऱ्या, आणि वीस वर्षं काम करूनही फिल्डवरचा माणूस कार्यकारिणीत नाही, हे चित्र मी वारंवार पाहते. अशा ठिकाणी ‘नैसर्गिक क्रम’ म्हणून जुन्यांना पुढे उभं करणं म्हणजे उतरंडीवर शिक्का मारणं. हेलिंगर यांच्या बोलण्यातही हा अंतिम सत्य सांगण्याचा सूर होता. २००४ साली जर्मनीतल्या सिस्टिमिक, म्हणजे माणसाकडे त्याच्या नात्यांच्या जाळ्यातून पाहणाऱ्या, क्षेत्रातल्या अनेकांनी पोट्सडॅमच्या जाहीरनाम्यातून त्या सुरापासून स्वतःला जाहीरपणे वेगळं केलं. मला ते योग्य वाटतं. मांडणीत गावं शेवटी आठवतात आणि भिंतीला जातात तेव्हा मी विचारते, खऱ्या संस्थेत गावांतला माणूस कुठल्या बैठकीत बसतो? बहुतेकदा कुठल्याच नाही. तो प्रश्न संस्थेची घटना, नियमावली आणि कार्यकारिणीच्या रचनेचा आहे. नमस्काराने किंवा वाक्याने तो सुटत नाही, तसं भासवूही नये.

बाहेर पडणं

संपताना प्रत्येक प्रतिनिधीने भूमिका सोडायची. स्वतःचं नाव मोठ्याने सांगायचं, आज घरी जाऊन काय करणार ते सांगायचं, खोलीबाहेर एक चक्कर मारून पाणी प्यायचं. हे टाळू नका. कोणाला रडू आलं असेल, कोणी गप्प झालं असेल, तर त्यांना लगेच गाडीवर बसू देऊ नका. प्रश्न आणणाऱ्या व्यक्तीवर सल्ल्यांचा मारा होऊ देऊ नका. त्या दिवशी चर्चा नको. मी ताईंना एवढंच सांगितलं की दोन दिवस हे कोणाशी बोलू नका, काकांशी तर नाहीच.

मग फाइल उघडा

मांडणीवर संशोधन झालेलं आहे. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या गटाने २०१३ साली २०८ प्रौढांवर केलेल्या यादृच्छिक चाचणीत (कोण कुठल्या गटात हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवून) कुटुंब-मांडणीच्या शिबिरानंतर मानसिक स्वास्थ्यात सुधारणा दिसली. पण तो अभ्यास एकेका व्यक्तीच्या स्वास्थ्याचा आहे. तुमच्या संस्थेत लेखापाल का टिकत नाही हे तो सांगत नाही. म्हणून खोलीत जे दिसलं त्याची दोन-तीन साधी विधानं करा आणि कागदांवर तपासा. यात आळस केला तर मांडणी केवळ एक भारावलेली दुपार ठरते.

आमची विधानं अशी होती: फिल्डचा खर्च मंजुरीआधी होतो, मंजुरी तोंडी असते, आणि ती संचालक देत नाहीत. ताईंनी मागच्या सहा महिन्यांची व्हाउचर फाइल काढली. खर्चाची तारीख आणि मंजुरीची तारीख शेजारी शेजारी लिहिली. फिल्डच्या बहुतेक व्हाउचरांवर मंजुरी नंतरची होती आणि ‘काकांशी बोलणे झाले’ असा शेरा लेखापालाच्या अक्षरात होता. ही फाइल रोज सगळ्यांसमोर होती. कुठे पाहायचं ते माहीत नव्हतं.

तपासताना विधान खोटं ठरलं तर ते सोडून द्या, कितीही प्रभावी वाटलं असलं तरी. एका कारखान्यात प्रतिनिधींना डिस्पॅच आणि क्वालिटी यांच्यात जुनं वैर जाणवलं होतं. गेट पास आणि रिजेक्शनचे रजिस्टर पाहिले तर ताण फक्त महिन्याच्या शेवटच्या चार दिवसांत होता, कारण पर्चेस माल उशिरा आणत होतं. वैर वगैरे काही नव्हतं. मालाच्या तारखा बदलल्या आणि विषय संपला.

एकट्याने करायचं असेल तर

सगळ्यांना जमवणं शक्य नसेल तर कोऱ्या कागदांवर एकेक भूमिका लिहा, प्रत्येकावर बाण काढा म्हणजे तोंड कुठे ते कळेल, आणि कागद जमिनीवर ठेवा. मग एकेका कागदावर स्वतः उभं राहा. आपल्या लेखापालाच्या कागदावर उभं राहून आपल्याकडे पाहणं हा फार वेगळा अनुभव आहे. टेबलावर वाट्या किंवा नाणी मांडूनही होतं, पण पायांनी उभं राहिल्यावर जास्त कळतं.

हे करावं की ते करावं अशा पेचासाठी म्युनिकच्या इन्सा श्पारर आणि माथियास वार्गा फॉन किबेड यांची एक रीत मला आवडते. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाच्या तर्कातली चतुष्कोटी, म्हणजे चार पर्यायांची मांडणी, त्यांनी जमिनीवर आणली. चार कागद ठेवायचे: हे, ते, दोन्ही, दोन्ही नाही. त्यांनी पाचवाही ठेवला, यांपैकी काहीच नाही आणि तेही नाही. शाखा बंद करायची की चालू ठेवायची, अशा प्रश्नात माणसं पहिल्या दोन कागदांवरच येरझाऱ्या घालतात. तिसऱ्या आणि चौथ्या कागदावर प्रत्येकी पाच मिनिटं उभं राहायला लावा. ‘दोन्ही’वर उभं राहून एका पतसंस्थेच्या अध्यक्षांना सुचलं की शाखा आठवड्यातून तीन दिवस, बाजाराच्या दिवसासह, उघडी ठेवता येईल.

पुढचे दोन महिने

मांडणीनंतर साधारण दोन आठवड्यांनी छोटी बैठक घ्या आणि दोनच निर्णय करा. ताईंच्या संस्थेत पहिला निर्णय सह्यांचा झाला. पाच हजारांपर्यंतचा तातडीचा फिल्ड खर्च क्षेत्र समन्वयक मंजूर करतील, त्यावरचा संचालक. काकांनी गावात शब्द दिला तर त्याच दिवशी समन्वयकाला फोन करायचा. समन्वयक म्हणून त्या जुन्या कार्यकर्तीलाच नेमलं, आणि कार्यकारिणीत फिल्डसाठी एक जागा ठेवण्याचा विषय पुढच्या वार्षिक सभेच्या पत्रिकेवर घेतला. दुसरा निर्णय, सचिव सरांना त्याच सभेला रीतसर निमंत्रण. काकांनी पत्र स्वतः लिहितो म्हटलं. सर येतील की नाही हे त्यांच्यावरच सोपवलं, कारण निमंत्रण देणं एवढंच संस्थेच्या हातात होतं.

दोन महिन्यांनी पुन्हा तीच व्हाउचर फाइल उघडा, त्याच दोन तारखा पाहा. खर्च आणि मंजुरी यांतलं अंतर कमी झालं असेल तर पुढे चला. झालं नसेल तर लगेच दुसरी मांडणी घेऊ नका, आधी ठरलेला नियम कोण पाळत नाही आणि त्याला तो का परवडत नाही, हे त्या माणसाशी समोर बसून बोला.